खळीखालची अक्षरं

आमच्या गावात कोणाच्या घरी काय बिनसलंय हे विचारावं लागत नाही. सकाळी बायका कापडासाठी तुतीची साल कुटायला बसल्या की मोगरीच्या आवाजावरून कळतं. नवऱ्यानं आदल्या दिवशी गुंगीचा कावा जास्त ढोसला असेल तर आवाज जोरात आणि तुटक. मुलगा ऑकलंडला निघून गेला असेल तर हळू, मधेच थांबणारा. आमच्या पास्टरीणबाई स्वतःला फार शांत समजतात, पण त्यांची मोगरी सुरू झाली की अख्ख्या गावाला समजतं, आज पास्टरांचं काही खरं नाही.

मी दुसऱ्या बेटावरून लग्न होऊन हाआपाईला, या गावात आले, तेव्हा महिनाभरात सगळ्या घरांचे आवाज मला पाठ झाले. एकाच घराचं काही कळेना. शेजारच्या सेलुवाइयाचं. तिची मोगरी बाराही महिने एकाच ठेक्यात. नवऱ्याला ताप आला, ठेका तोच. डुकरांनी कोनफळाचं शेत उकरलं, ठेका तोच. आदल्या वर्षी तिला मुलगी झाली होती आणि अकरा दिवसांत गेली होती. तेव्हाही, म्हणे, बाराव्या दिवशी तसाच ठेका. मला वाटलं, या बाईला काळीजच नाही. तसं मी सासूला बोलून दाखवलं आणि सणसणीत बोलणी खाल्ली. सेलुवाइया माझ्या नवऱ्याची चुलत बहीण, म्हणजे माझी नणंद, मानानं माझ्यापेक्षा कितीतरी मोठी. मी तिला सेलुताई म्हणायचं आणि तिच्याबद्दल तोंड उघडायचं नाही, असं ठरलं.

तोंड उघडायचं नाही हे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. पण काळजाबद्दल मी चुकले होते. ते कसं कळलं ते सांगते.

सालीचं कापड आम्ही सगळ्या मिळून करतो. घरोघरी कुटून वाळवलेल्या पट्ट्या घेऊन बायका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमतात आणि लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसतात. आधी खालचा पदर अंथरायचा, त्यावर आरारूटच्या कंदाची खळ फासायची, वर दुसरा पदर, मग फडक्यानं तपकिरी रंग. दोन्ही पदर मिळून एक कापड. सेलुताईच्या उजव्या हाताला माझी जागा आणि माझ्याकडे खळीचं काम. तिनं तिची पट्टी अंथरली, मी कंद घेऊन वाकले, तर पट्टीवर मुंग्यांची रांग. झटकायला हात नेला तरी हलेना. बघते तर पेन्सिलीनं लिहिलेली बारीक अक्षरं.

'तिची नखं वाढली होती. अकराव्या दिवशी मी ती कापणार होते.'

मी कंद हातात धरून वाचतच राहिले. समोरच्या बायकांची तोंडं चालू होती त्यामुळे डोळे बंद होते, तसंही त्यांना ते उलटं दिसलं असतं आणि पट्ट्यांवर खुणा आणि आकडे सगळ्याच लिहितात. सेलुताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "खळ वाळतेय." मी खळ फासली. वर दुसरा पदर बसला. त्यावर नक्षी उठली आणि आठवड्याभरात ते कापड कोणाच्या तरी लग्नाला गेलं.

दोन दिवस मी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी तिला गाठलं.

"ताई, ते काय होतं?"

"वाचलंस ना?"

"थोडंसं."

"मग विचारतेस कशाला?"

"अगं पण ते आता कोण वाचणार?"

"कोणी नाही. पदर चिकटले की चिकटले."

"मग लिहायचं कशाला?"

तिनं बादली खाली ठेवली. "पोटात ठेवून कुटायला बसलं तर हात वाकडा पडतो. कापडाला भोकं पडतात. लिहून टाकलं की माझा हात सरळ चालतो."

"त्यापेक्षा चारचौघींसारखी रडून मोकळी हो की."

"रडले की सगळ्या चटया घेऊन सांत्वनाला येतात. मग त्यांच्या जेवणाची भट्टी कोण लावणार, तू?"

त्या दिवसापासून ते गुपित दोघींचं झालं. चाळीस वर्षं तिनं लिहिलं आणि मी त्यावर खळ फासली. सगळं दुःखाचंच असायचं असं नाही. पास्टरांच्या लांबलेल्या प्रवचनाबद्दल असायचं, नवऱ्यानं पकडलेल्या आणि निसटलेल्या माशांबद्दल असायचं, त्यात निसटलेले जास्त. एकदा माझ्याबद्दल होतं. 'लोसालिने बोलते फार, पण खळ एकसारखी लावते.' हे मी स्वतःच्या हातानं झाकलं, काय करणार. तिची कापडं गावभर गेली, ऑकलंडला गेली, लग्नाच्या बिछान्यांवर गेली, काही मढ्यांबरोबर मातीत गेली. तिचं सगळं आयुष्य असं लोकांच्या पेट्यांमधून घडी घालून पडलेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. पेन्सिलीचा तुकडा ती कानामागे केसांत खोवून ठेवायची.

ही सवय कुठून लागली ते तिनं मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. गावच्या शाळेत निबंधात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या पाठीवर वर्षाचा भाऊ, लिसिआते. राजधानीत, नुकुआलोफाच्या मोठ्या शाळेत दोघांपैकी एकालाच पाठवता येणार होतं, कारण आईचे पाय सुजलेले, तिच्यापाशी कोणीतरी राहायला हवं. बापानं त्यावर फार विचार केला नाही. लिसिआते बोटीत बसला. सेलुताई तेरा वर्षांची होती, ती आईच्या मोगरीपाशी बसली. त्याच आठवड्यात तिची निळ्या पुठ्ठ्याची निबंधाची वही हरवली. आई म्हणाली, डुकरानं खाल्ली असेल. सेलुताईनं त्या डुकराला नारळाच्या फांदीनं पिटाळून पिटाळून बदडलं.

लिसिआते चार वर्षांनी परत आला आणि धक्क्यावर सरकारी नोकरीला लागला. बोटींच्या वेळा फळ्यावर लिहायचं काम. भावाबहिणीत भांडण असं कधी झालं नाही. व्हायला बोलावं लागतं. आमच्याकडे वयात आल्यावर भाऊ आणि बहीण एका छपराखाली बसत नाहीत, थट्टा करत नाहीत, मनातलं एकमेकांपुढे काढत नाहीत. भावानं बहिणीचा मान राखायचा. लिसिआतेनं तो इतका राखला की इतक्या वर्षांत त्यानं तिला 'जेवलीस का' विचारलेलंही मी ऐकलं नाही. दोघांची घरं हाकेच्या अंतरावर, आणि निरोप न्यायला मी. मी त्याची वहिनी, मला त्याच्याशी बोलायला, त्याची खेचायला मोकळीक.

मग लिसिआतेची मुलगी केसाया शिकून शिक्षिका झाली. तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली. लिसिआते कमरेला मानाची नवी चटई बांधून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आमच्या घराण्यात लेखणी हातात धरणारी ही पहिलीच मुलगी." सगळे माना डोलवत होते. सेलुताई पहिल्या बाकावर बसली होती. तिनं मान डोलावली नाही, खालीही घातली नाही.

वाढदिवसाला आत्याकडून कापड जाणारच. तिनं लहानसं कापड करायचं ठरवलं, सगळ्या पट्ट्या स्वतःच्या. मी कंद घेऊन वाकले आणि पहिलीच ओळ वाचून समोरच्या बायकांकडे बघून घेतलं.

'लिसिआते, मी पहिली होते. केसायाच्या आधी आणि तुझ्याही आधी. तुझी बोट माझी होती. तू तिथं काय लिहिलंस ते मला कधी कळलं नाही. मी इथं काय लिहिते ते तू कधी विचारलं नाहीस. मी चूल पेटवताना लिहिते, मनातल्या मनात. शेतात लिहिते. तुझं भाषण चालू होतं तेव्हाही लिहीत होते.' असं पुढे बरंच. शेवटची हातभर जागा कोरी होती. राग तिथं संपला असावा.

"ताई," मी कुजबुजले, "हे त्याच्याच घरात जाणार आहे."

"माहितीये. खळ जास्त लाव."

मी दुप्पट लावली. वाढदिवस थाटात झाला, डुकरं भाजली, भाषणं झाली आणि कापड लिसिआतेच्या लाकडी पेटीत गेलं. पुढं केसाया ऑकलंडला गेली, लिसिआतेची बायको वारली, तो एकटा राहिला. अकरा वर्षं ते कापड पेटीत गप्प होतं.

मग ते फेब्रुवारीचं वादळ आलं. समुद्र घरात कमरेएवढा चढला आणि उतरला. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. मी उकडलेल्या तारोच्या कंदांची टोपली घेऊन लिसिआतेकडे गेले, म्हटलं, एकटा माणूस, काय खातोय कोण जाणे. बघते तर अंगणात गवतावर ते कापड भर उन्हात पसरलेलं. भिजलेलं कापड उन्हात टाकायचं नसतं, घडी न मोडता सावलीत हळूहळू वाळवायचं असतं, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं. पुरुषाला पासष्टीतही ठाऊक नसतं, कारण या कामाला त्याचा हातच लागलेला नसतो. खळ सुटली होती. वरचा पदर वाळून सालपटासारखा गुंडाळला गेला होता, खालचा आभाळाकडे तोंड करून पडला होता. आणि लिसिआते चष्मा लावून त्याच्यावर ओणवा.

"भाऊजी, हे काय करून ठेवलंत?"

"वहिनी, जरा बाजूला सरका. तुमची सावली पडतेय. वाचता येत नाही."

मी बाजूला होऊन टोपलीतले कंद पायरीवर काढायला लागले. काढता काढता म्हटलं, "वाचायचं काय त्यात? बायकांच्या खुणा असतात त्या. पट्ट्यांचे आकडे."

"आकड्यांत माझं नाव असतं होय?"

"किती वाचलंत?"

"तिसऱ्यांदा चाललंय."

"जुनं आहे हो ते. आणि कोणी लिहिलं कोणास ठाऊक."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "हे अक्षर मी विसरेन का? तिला काही सांगू नका, वहिनी."

मी सांगितलं, अर्थात. रिकामी टोपली घरी ठेवायलाही थांबले नाही.

सेलुताई शिंपल्यानं साल खरवडत होती. तिनं शिंपला खाली ठेवला. "सगळं वाचलं?"

"तीनदा."

तिनं मांडीवरचे सालीचे तुकडे झटकले. मग म्हणाली, "आता तो माझ्या दारावरूनही जाणार नाही. बहिणीनं भावाला असं कधी म्हणतात का, लोसा?"

"तू कुठं म्हणालीस? लिहिलंस फक्त."

"म्हटलेलं विसरता तरी येतं." तिनं कानामागची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "घे, चुलीत घाल. लाज आणली मी. त्याची पण आणि माझी पण."

त्यानंतर चार आठवडे तिनं एक अक्षर लिहिलं नाही. आणि तिची मोगरी बिघडली. एकदा जोरात, एकदा हळू, मधेच बंद. मी शेजारी बसून ऐकायचे आणि मला रडू यायचं. पट्ट्यांना भोकं पडायला लागली. पास्टरीणबाईंनी मला चर्चच्या पायरीवर विचारलं, "सेलुवाइयाची तब्येत बरी नाही का गं?" म्हणजे गावाला ऐकू जायला लागलं होतं. मला एकच भीती वाटत होती, की आता ही बाई उरलेलं आयुष्य अशीच भोकं पाडत बसणार.

पाचव्या आठवड्यात लिसिआते माझ्या दारात उभा. दाढी केलेली, रविवार नसताना कमरेला चांगली चटई, काखेत कापडाची घडी.

"वहिनी, हे ताईकडे पोचवा. म्हणावं, पदर सुटलेत. बायकांकडून चिकटवून मिळालं तर बरं."

"एवढंच?"

"एवढंच." पण तो जाईना. अंगठ्यानं उंबऱ्यावरची वाळू उकरत राहिला. "आणि म्हणावं, चिकटवायच्या आधी खालचा पदर एकदा बघ. ओल राहिली असेल."

सेलुताईनं घडी हातात घ्यायलाही वेळ लावला. मी आरारूटचा कंद सोलून तयार ठेवला होता, म्हटलं, चटकन चिकटवू आणि विषय संपवू. तिनं चटईवर कापड पसरलं. तिची अक्षरं होती तशीच होती, जरा तांबूस झालेली. खालची हातभर कोरी जागा मात्र कोरी नव्हती. तिथं बॉलपेननं लिहिलं होतं, बोटींच्या फळ्यावर असतात तशी ठळक, सुटी अक्षरं. तिनं ते मोठ्यानं वाचलं.

'ताई, इथं जागा होती म्हणून लिहितो. मला लिहिता येत नाही. वही डुकरानं खाल्ली नाही. मी नेली. तिथल्या शाळेत दर शुक्रवारी निबंध असायचा आणि मला काही सुचायचं नाही. मी तुझे निबंध उतरवून दिले. अठरा. मास्तरांनी एक वर्गापुढे वाचला, मुलं आधी हसली आणि मग गप्प झाली. मला शाबासकी मिळाली, ती मी घेतली. वही संपली तशी माझी हुशारी संपली आणि मास्तरांना कळेना याला झालं काय. चर्चमध्ये बोललो ते खोटं होतं आणि बोलताना मला ते माहीत होतं. वही पेटीत तळाशी ठेवली होती. परत द्यायचं धाडस झालं नाही. वादळात तिचा लगदा झाला. तुझं कापड तेवढं राहिलं. एक निबंध मला पाठ आहे. तो खाली देतो, म्हणजे तुझं तुला परत.'

खाली मथळा होता, 'आई साल कुटते'.

'आई सकाळी साल कुटते. मी डोळे मिटून ऐकते. आवाजावरून मला कळतं, आई कोणावर रागावली आहे. काल माझ्यावर होती. आज बाबांवर आहे. ज्या दिवशी ती कोणावरच रागावलेली नसते त्या दिवशी ती लवकर उठते. बाबांना हे कळत नाही, ते फक्त आवाज आला म्हणतात. मी मोठी झाले की लिहीन, म्हणजे लोकांना अंदाज करत बसावं लागणार नाही.'

सेलुताई वाचायची थांबली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ते बघत होते. मी काही बोलले नाही. हे माझ्याकडून आयुष्यात एकदाच झालं असेल.

"त्या डुकराला मी उगीच मारलं गं," ती म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली. "बिचारं. निळी वही बघितलीसुद्धा नसेल त्यानं."

मग तिनं डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा चढवला. "'लवकर उठते' नाही. 'गुणगुणते' होतं. 'ज्या दिवशी ती कोणावरच रागावलेली नसते त्या दिवशी ती गुणगुणते.' गाढवानं वर्गातही असंच चुकीचं उतरवलं असणार." तिचा हात कानामागे गेला आणि रिकामा परत आला. "लोसा, पेन्सिल चुलीत घातलीस का?"

"तू सांगितलंस म्हणून?" मी घरी जाऊन बिस्किटांच्या डब्यातून पेन्सिल आणून दिली.

तिनं 'लवकर उठते' खोडलं आणि वर नीट लिहिलं. मी कंद पुढे केला.

"खळ नको," ती म्हणाली.

"अगं, सुटे पदर कसे द्यायचे परत?"

"त्याला म्हणावं, चिकटत नाहीत. आणि अजून जागा लागली तर वरच्या पदराची आतली बाजू कोरी आहे."

मी निरोप दिला. लिसिआते म्हणाला, "बरं झालं," आणि आत जाऊन बॉलपेन शोधायला लागला. तेव्हापासून ते कापड या घरातून त्या घरात जातं, त्या घरातून या घरात येतं आणि नेणारी मी. माझे गुडघे गेलेत. दोघं अजूनही एका छपराखाली बसत नाहीत, रस्त्यात दिसले तर तो मान खाली घालून बाजूला होतो. मागच्या महिन्यात मात्र त्यानं लिहिलं होतं, 'ताई, जेवलीस का?' तिनं खाली उत्तर लिहिलं, काय जेवली त्याचं, अर्धा हात जागा भरून.

तिची मोगरी पुन्हा ठेक्यात आली. तेवढ्यात केसायाचं पत्र आलं, लेकाच्या पहिल्या वाढदिवसाला ती गावी येतेय. आत्याचं कापड हवंच. आम्ही हॉलमध्ये जमलो, खालचा पदर घातला, मी खळ फासली. या वेळी खालच्या पदरावर एकही अक्षर नव्हतं. मी सेलुताईकडे बघितलं. तिनं तिची पट्टी उचलली, वरच्या पदरात ठेवली आणि हातानं सारखी केली. अक्षरं वर होती. मुंग्यांएवढी नव्हेत, चांगली बोटभर.

'केसाया, तुझ्या आधी तुझी आत्या लिहीत होती.'

बायकांची तोंडं बंद झाली. पास्टरीणबाई वाकून म्हणाल्या, "सेलुवाइया, पट्टी उलटी पडली गं."

"नाही," सेलुताई म्हणाली. "सरळ आहे."

मी रंगाचं फडकं उचललं, आणि त्या पट्टीवर जरा हलक्या हातानं फिरवलं.